लिनक्स डेस्कटॉपसाठी ग्राफिक्स कार्ड: आधी ड्रायव्हर ठरवा, मग कार्ड

प्रश्न थोडक्यात असा: घरचा डेस्कटॉप म्हणजे इंटेल आय५-१०४००, बी४६० चिपसेटचा बोर्ड, १६ जीबी रॅम आणि ४५० वॉटचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा). लिनक्सच्या डेबियन १२ या आवृत्तीवरून १३ वर जायचं आहे. नवा २७ इंची फोरके मॉनिटर घेतलाय, शेजारी जुना २२ इंची फुल एचडी आहे, आणि फोरकेवर माउस अडखळत चालतो. काम क्रिता (चित्रकला), केडेनलाइव्ह (व्हिडिओ संपादन), थोडं ब्लेंडर (थ्रीडी), अधूनमधून स्टीमवरचा एखादा खेळ. वीस-पंचवीस हजारांत कोणतं कार्ड घ्यावं? आणि ओपन सोर्स ड्रायव्हरवर भागेल, की कंपनीचा बंद ड्रायव्हर टाकावा लागेल?

पैसे काढण्याआधी मॉनिटरची केबल तपासा. आय५-१०४०० मधल्या यूएचडी ६३० ग्राफिक्सचं एचडीएमआय हे १.४ दर्जाचं आहे. त्यावर फोरके फक्त ३० हर्ट्झने चालतं, आणि माउस अडखळण्याचं कारण बहुतेक वेळा तेवढंच असतं. काही बोर्डांवर एचडीएमआय २.० साठी वेगळी चिप बसवलेली असते, पण स्वस्त बोर्डांवर सहसा नसते. त्याच प्रोसेसरचं डिस्प्लेपोर्ट मात्र फोरके ६० हर्ट्झला नीट चालवतं. बोर्डाच्या मागे डिस्प्लेपोर्ट असेल तर आधी ती केबल आणा आणि सेटिंग्जमध्ये रिफ्रेश रेट ६० झालाय का ते बघा. क्रितामध्ये चित्र काढणं आणि साधं ऑफिसचं काम एवढंच असतं, तर पुढचं वाचायची गरज नव्हती. केडेनलाइव्ह, ब्लेंडर आणि खेळ आहेत, म्हणून कार्डाचा विचार रास्त आहे.

आता मुख्य मुद्दा. विंडोजवर कार्ड आधी येतं आणि ड्रायव्हर त्याच्या मागून. आपल्याकडे उलट्या बाजूने सुरुवात करावी लागते. लिनक्सवर चित्र पडद्यावर येईपर्यंत चार थर लागतात: कर्नलमधला (लिनक्सच्या गाभ्यातला) ड्रायव्हर, कार्डाच्या चिपमध्ये चढवायचं फर्मवेअर, मेसा नावाचा ओपनजीएल आणि व्हल्कन या चित्र काढण्याच्या पद्धतींचा संच, आणि सर्वांत वर वेलँड किंवा एक्स११ या पडदा सांभाळणाऱ्या व्यवस्थेवरचं डेस्कटॉप. हे चारही थर तुमच्या डिस्ट्रोने (डेबियन, फेडोरासारख्या लिनक्सच्या संचाने) एका ठरावीक तारखेला गोठवलेले असतात. डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आलं, पण त्याचं गोठवणं मार्च २०२५ पासूनच टप्प्याटप्प्याने सुरू झालं होतं. त्यात कर्नल ६.१२ आहे आणि मेसा २५.०. त्यामुळे माझा पहिला नियम असा: कार्ड डिस्ट्रोपेक्षा निदान सहा महिने, शक्य तर वर्षभर जुनं हवं. डेबियन १२ मध्ये कर्नल ६.१ आणि मेसा २२.३ आहे, त्याच्यावर मार्च २०२५ चं आरएक्स ९०७० लावलं तर कार्ड कितीही चांगलं असो, पडदा तुम्हाला हवा तसा उजळणार नाही. फेडोरा किंवा आर्चवाल्यांना ही अट बरीच सैल, कारण तिथे कर्नल आणि मेसा सतत पुढे सरकत असतात.

चार थरांपैकी कुठला कमी पडला हे लक्षणांवरून ओळखता येतं. कर्नल कार्डाला ओळखतच नसेल तर १०२४ बाय ७६८ सारखं ढोबळ रिझोल्यूशन मिळतं आणि सेटिंग्जमध्ये दुसरा पर्याय दिसत नाही. फर्मवेअरची फाइल नसेल तर ग्रब (यंत्र चालू होतानाची यादी) दिसतं, दोन-चार ओळी सरकतात आणि पडदा काळा होतो. डीमेसेज या आज्ञेने दिसणाऱ्या कर्नलच्या नोंदींत 'डायरेक्ट फर्मवेअर लोड फेल्ड, एरर उणे २' अशी ओळ सापडते. उणे २ चा अर्थ साधा आहे, फाइल जागेवर नाही. मेसा जुनं असेल तर डेस्कटॉप येतं, सुंदरही दिसतं, पण खिडकी हलवली की प्रोसेसरचा पंखा घोंघावतो, कारण सगळं चित्र एलएलव्हीएमपाइप या नावाने प्रोसेसरच काढत असतो. हे शेवटचं लक्षण फसवं असतं. लोक महिनोन् महिने 'लिनक्स जरा स्लो आहे' म्हणत तसंच वापरतात.

आता तीन कंपन्या.

एएमडीचा कर्नल ड्रायव्हर एएमडीजीपीयू २०१५ साली ४.२ कर्नलमध्ये आला. त्याच्यावर मेसामधले रेडिऑनएसआय (ओपनजीएलसाठी) आणि रॅडव्ही (व्हल्कनसाठी). रॅडव्ही २०१६ मध्ये कंपनीबाहेरच्या लोकांनी सुरू केला आणि पुढे व्हॉल्व्हने त्यासाठी वेगळा शेडर कंपायलर (ग्राफिक्सचा कोड कार्डाला समजेल असा करणारा भाग) लिहवून घेतला. तो इतका सरस ठरला की २०२५ मध्ये एएमडीने स्वतःचा वेगळा ओपन व्हल्कन ड्रायव्हर बंद करून रॅडव्हीच पुढे करायचं ठरवलं. सांगायचं कारण एवढंच की 'एएमडीचा ड्रायव्हर कुठून डाउनलोड करू?' या प्रश्नाला उत्तर आहे: कुठूनच नाही. तो डेबियनमध्ये आहे. कंपनीच्या साइटवरचा एएमडीजीपीयू-प्रो संच डेस्कटॉपसाठी टाकू नका. तो ठरावीक डिस्ट्रोंच्या ठरावीक आवृत्त्यांसाठी बांधलेला असतो आणि डेबियनवर पॅकेजांची गुंतागुंत करून ठेवतो.

इंटेलचे आर्क कार्डही पूर्णपणे ओपन ड्रायव्हरवर चालतात. बी५८० डिसेंबर २०२४ मध्ये आलं, १२ जीबी मेमरी, १९० वॉट, एक्सई नावाचा नवा कर्नल ड्रायव्हर, आणि ६.१२ कर्नल ही त्याची खालची पायरी. कागदावर पैशाला सर्वांत जास्त मेमरी देणारं कार्ड. पण तुमच्या बोर्डावर मी ते सुचवणार नाही. आर्कला रिसायझेबल बार (कार्डाची सगळी मेमरी प्रोसेसरला एकदम दिसू देणारी सोय) लागतंच लागतं, त्याच्याशिवाय वेग फार पडतो. बी४६० च्या बोर्डांवर ते बायोस अपडेटनंतर मिळेल की नाही हे बोर्डागणिक बदलतं. बायोसमध्ये 'अबव्ह फोरजी डिकोडिंग' आणि त्याच्या खालीच रिसायझेबल बार असे दोन पर्याय दिसत असतील तरच आर्कचा विचार करा. शिवाय काम नसतानाही हे कार्ड बरीच वीज खातं. ते कमी करायला बायोसमध्ये पीसीआय एक्सप्रेसचं एएसपीएम (वीज वाचवण्याची सोय), एल१ पातळीपर्यंत चालू करावं लागतं.

एनव्हिडियाबद्दल सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त पैसा इथेच चुकतो.

एनव्हिडियाचे ड्रायव्हर दोन नाहीत, तीन आहेत. नूवो हा उलट्या अभियांत्रिकीतून लिहिलेला ओपन ड्रायव्हर. दुसरा कंपनीचा बंद ड्रायव्हर. तिसरा मे २०२२ मध्ये कंपनीने खुला केलेला कर्नल मॉड्यूल, जो ट्युरिंग म्हणजे जीटीएक्स १६ आणि आरटीएक्स २० मालिकेपासून पुढच्या कार्डांवर चालतो. या तिसऱ्याच्या नावात 'ओपन' आहे म्हणून फसू नका. कर्नलमधला भाग खुला आहे, पण त्याच्यावरचं ओपनजीएल, व्हल्कन आणि कूडा (कार्डावर गणना करायची एनव्हिडियाची पद्धत) सगळं बंदच आहे. आरटीएक्स ५० मालिकेला तर हाच खुला मॉड्यूल लागतो, जुना बंद मॉड्यूल तिला चालतच नाही.

नूवोचं नशीब कार्डाच्या पिढीवर ठरतं. जीटीएक्स ९०० च्या पिढीपासून कंपनीने चिपमध्ये सही केलेलं फर्मवेअर सक्तीचं केलं. त्या सहीशिवाय कार्डाचा क्लॉक (चालण्याचा वेग) वाढवता येत नाही. त्यामुळे जीटीएक्स ९०० आणि १००० मालिका नूवोवर कायम चालू होतानाच्या मंद गतीनेच चालतात. ट्युरिंगपासून चिपमध्येच जीएसपी नावाचा छोटा प्रोसेसर आला. त्याचं फर्मवेअर कंपनी देते, आणि ६.७ कर्नलपासून नूवो त्याच्यामार्फत क्लॉक वाढवू शकतो. त्याच्यावर मेसामधला एनव्हीके हा व्हल्कन ड्रायव्हर बसतो. तो झपाट्याने सुधारतोय, पण आज तुमच्या कामासाठी पैसे देऊन एनव्हिडिया कार्ड घ्यायचं आणि एनव्हीकेवर विसंबायचं, असं मी सांगणार नाही. कूडा त्याच्यावर नाही, म्हणजे कार्डाची मोठी किंमत ज्यासाठी मोजली तेच हातात येत नाही.

या सगळ्यात जीटीएक्स १०६० सारखं कार्ड बघा. २०१६ चं, आजही धडधाकट. कंपनीच्या ड्रायव्हरची ५८० ही शाखा मॅक्सवेल आणि पास्कल (जीटीएक्स ९०० आणि १०००) पिढ्यांसाठी शेवटची. ५९० पासून त्या वगळल्या. ओपन ड्रायव्हर त्याचा क्लॉक वाढवू शकत नाही. म्हणजे कार्ड जिवंत आणि ड्रायव्हर संपत आलेला. दुसऱ्या बाजूला २०१२ च्या आसपासची एएमडीची पहिल्या जीसीएन पिढीची कार्डं घ्या: ६.१९ कर्नलने ती जुन्या रेडिऑन ड्रायव्हरवरून आपोआप नव्या एएमडीजीपीयूवर आणली. डेबियन १३ वर तेच हवं असेल तर ग्रबच्या ओळीत रेडिऑनचं एसआय-सपोर्ट ० आणि एएमडीजीपीयूचं एसआय-सपोर्ट १ असं द्यावं लागतं. कंपनीला रस उरला नसतानाही कोणीतरी या कार्डांची काळजी घेऊ शकतं, कारण कोड उघडा आहे. ओपन ड्रायव्हरचा आग्रह मी धरतो तो यासाठी. कार्डाचं आयुष्य कंपनीच्या कॅलेंडरवर अवलंबून राहत नाही.

आपल्याकडे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला असो की ऑनलाइन, 'लिनक्सला काहीही चालतं' म्हणून जीटी ७३० गळ्यात मारलं जातं. ते घेऊ नका, आणि का ते नीट समजून घ्या. एकाच जीटी ७३० या नावाखाली वेगवेगळ्या चिप विकल्या गेल्या. एकात फर्मी पिढीची ९६ कोअरची चिप, दुसऱ्यात केप्लर पिढीची ३८४ कोअरची. खोक्यावर दोन्हींचं नाव सारखंच. फर्मीसाठी कंपनीचा शेवटचा ड्रायव्हर ३९०, केप्लरसाठी ४७०. दोन्ही शाखा बंद झाल्या आहेत आणि नव्या कर्नलवर बाहेरच्या दुरुस्त्या लावल्याशिवाय बांधल्याच जात नाहीत. घरात आधीच असेल तर टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय ही हार्डवेअरची यादी देणारी आज्ञा चालवा, पुढे डॅश देऊन एनएनके जोडा. चौकोनी कंसात उत्पादकाचा क्रमांक आणि त्याच्यापुढे चिपचा क्रमांक दिसेल: १०डीई:१२८७ असेल तर केप्लर, १०डीई:०एफ०२ असेल तर फर्मी. केप्लर असेल तर नूवोवर तो निमूट चालतो. पण त्याचं एचडीएमआयही १.४ च असल्याने तुमच्या फोरकेवर पुन्हा ३० हर्ट्झच. चार हजार घालवून माउस तसाच अडखळणार.

तुमच्या यंत्रासाठी माझं उत्तर आरएक्स ६६००, ८ जीबी. ते ऑक्टोबर २०२१ चं आहे, म्हणजे डेबियन १३ गोठवलं जाईपर्यंत त्याच्या ड्रायव्हरमधल्या खोडी निघून गेलेल्या. १३२ वॉट, एकच आठ पिनी जोड. तुमचा बोर्ड पीसीआय एक्सप्रेस ३.० चा आहे आणि हे कार्ड आठ लेन (माहिती जाण्याच्या वाटा) वापरतं. त्यामुळे किंचित वेग जातो, पण कामात जाणवणार नाही. ते मिळालं नाही तर मे २०२३ चं आरएक्स ७६००, १६५ वॉट. त्यात एव्ही१ या व्हिडिओ प्रकाराचं एन्कोडिंगही आहे, जे ६६०० मध्ये नाही. एव्ही१ बघण्यापुरतं डीकोडिंग दोघांतही आहे.

स्वस्त म्हणून आरएक्स ६४०० दाखवतील. त्याला वेगळी पॉवर केबल लागत नाही, तेवढी एक गोष्ट चांगली. पण त्यात फक्त चार लेन आहेत, तुमच्या ३.० च्या बोर्डावर ते मार खातं. शिवाय व्हिडिओ एन्कोडर नाही आणि एव्ही१ डीकोडरही नाही. केडेनलाइव्हवाल्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. तसंच ऑनलाइन स्वस्तात मिळणारं 'आरएक्स ५८० २०४८ एसपी'. खऱ्या ५८० मध्ये २३०४ शेडर (गणनेचे छोटे कोअर) असतात, यात नावाप्रमाणे २०४८. हे आरएक्स ५७० च्या तोडीचं आहे. ड्रायव्हर उत्तम चालतो, पण व्हीपी९ व्हिडिओ हार्डवेअरवर उघडता येत नाही, त्यामुळे यूट्यूबचं फोरके पुन्हा प्रोसेसरच्या बोकांडी. सेकंडहँड घेताना मायनिंगसाठी बायोस बदललेलं कार्डही पदरी पडू शकतं. त्यात मेमरीची टायमिंग ताणलेली असते आणि खेळ चालू केल्यावर पडदा थिजतो. विक्रेत्यासमोर लाइव्ह यूएसबीवरून चालू करून, एलएसपीसीआयमधला चिप क्रमांक बघून आणि निदान पंधरा मिनिटं ताण देऊनच पैसे द्या. आरएक्स ६६०० चा क्रमांक १००२:७३एफएफ.

ब्लेंडर 'थोडं' आहे असं तुम्ही म्हणता, म्हणून एएमडी. ईव्ही या रेंडररला मेसा पुरेसं आहे. सायकल्स या दुसऱ्या रेंडररला मात्र एचआयपी (एएमडीचा कूडासारखा संच) रनटाइम लागतो, तो मेसाबरोबर येत नाही, वेगळा टाकावा लागतो, आणि ब्लेंडर व रनटाइम यांच्या आवृत्त्या जुळाव्या लागतात. रोजचं पोट सायकल्सवर किंवा कूडावर असेल, तर तत्त्व बाजूला ठेवून आरटीएक्स ३०६० चं १२ जीबीचं कार्ड आणि कंपनीचा ड्रायव्हर घ्या. डेबियन १३ मधली ५५० शाखा त्याला व्यवस्थित चालते. तीच ५५० शाखा आरटीएक्स ५० मालिकेला ओळखत नाही, तिला किमान ५७० लागते. 'सर्वांत नवं एनव्हिडिया आणि डेबियन स्टेबल' ही जोडी म्हणूनच टाळायची.

आता एसएमपीएस. '४५० वॉट' हा आकडा तुम्हाला काहीच सांगत नाही. कॅबिनेटची बाजू उघडा, एसएमपीएसच्या अंगावरचं लेबल वाचा आणि अधिक १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघा. ३० असतील तर ३६० वॉट मिळतात, आणि प्रोसेसर व आरएक्स ६६०० धरून आरामात भागतं. आय५-१०४०० जोर लावताना १३० वॉटच्या पुढे जाऊ शकतो हे त्यात धरलं आहे. पण कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या कित्येक '४५० वॉट' डब्यांवर १२ व्होल्टला १६-१८ अँपिअरच लिहिलेले असतात, म्हणजे जेमतेम २०० वॉट. तशात कार्ड लावलं तर डेस्कटॉप चालेल, खेळ सुरू होताच यंत्र धाडकन बंद पडेल, आणि दोष ड्रायव्हरला दिला जाईल.

आठ पिनी केबलच नसेल तर दुकानदार साटाच्या जोडातून काढलेला अडॅप्टर देईल. तो लावू नका. साटाच्या पॉवर जोडात १२ व्होल्टच्या तीन पिना असतात, प्रत्येकी दीड अँपिअरच्या. सगळ्या मिळून ५४ वॉट. आठ पिनी जोडातून कार्ड १५० वॉटपर्यंत मागू शकतं. प्लास्टिक वितळतं ते यामुळे. एसएमपीएस बदलायचा असेल तर त्याचे पैसे कार्डाच्या बजेटमधून काढा आणि हवं तर कार्ड सेकंडहँड घ्या, उलटं करू नका.

बसवण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. कार्ड लावण्याआधी, जुन्या इंटेल ग्राफिक्सवर सगळं चालू असतानाच तयारी करा. डेबियन १३ वर या. रेपॉझिटरीच्या यादीत 'नॉन-फ्री-फर्मवेअर' हा भाग आहे का ते बघा. डेबियन १२ पासून इन्स्टॉलर तो स्वतः जोडतो, पण त्याआधीपासून अपग्रेड करत आलेल्या यंत्रांवर तो हमखास राहून गेलेला असतो. मग 'फर्मवेअर-एएमडी-ग्राफिक्स' हे पॅकेज टाका. त्याबरोबर 'मेसा-व्हल्कन-ड्रायव्हर्स', आणि स्टीमसाठी आय३८६ हे आर्किटेक्चर जोडून त्याच पॅकेजची ३२-बिट जोडीसुद्धा. ही दुसरी विसरली की स्टीम उघडतं, खेळ मात्र काही न सांगता बंद होतो.

दोन जुने अवशेष शोधून काढा. एक, ईटीसी फोल्डरमधल्या एक्स११ मध्ये एक्सऑर्ग डॉट कॉन्फ नावाची फाइल पडली असेल आणि त्यात एखाद्या जुन्या ड्रायव्हरचं नाव असेल, तर ती बाजूला हलवा. दोन, प्रॉक फोल्डरमधली सीएमडीलाइन ही फाइल वाचा. तिच्यात 'नोमोडसेट' हा शब्द दिसतोय का? कधीतरी काळ्या पडद्यावर उपाय म्हणून तो ग्रबमध्ये टाकलेला असतो आणि मग विसरला जातो. तो असेपर्यंत एएमडीजीपीयू चालूच होत नाही. 'नवं कार्ड घेऊनही फरक नाही' या तक्रारीमागे हा एक शब्द मी सांगू शकेन त्याहून जास्त वेळा सापडतो.

बायोसमध्ये सीएसएम (जुन्या लेगसी पद्धतीने यंत्र चालू करायची सोय) बंद करा. जुन्या लेगसी पद्धतीने बसवलेलं डेबियन असेल तर आधी ते यूईएफआय या नव्या पद्धतीवर आणावं लागेल. अबव्ह फोरजी डिकोडिंग चालू करा. पहिला डिस्प्ले पीईजी म्हणजे स्लॉटमधलं कार्ड ठेवा, पण इंटेलचं अंगभूत ग्राफिक्स बंद करू नका, ते पुढे उपयोगी पडतं. मग वीज बंद, प्लग काढलेला, स्लॉटची कडी 'टक्' वाजेपर्यंत कार्ड दाबा, आठ पिनी केबल पूर्ण आत. आणि मॉनिटरच्या दोन्ही केबली कार्डाच्या जोडांत, बोर्डाच्या नाही. फोरके मॉनिटरला डिस्प्लेपोर्टच द्या. एएमडीच्या ओपन ड्रायव्हरमध्ये एचडीएमआय २.१ आणण्याचा प्रस्ताव एचडीएमआय फोरमने २०२४ मध्ये फेटाळला. डेबियन १३ मधल्या ड्रायव्हरसाठी एचडीएमआय म्हणजे २.० ची १८ गिगाबिटची मर्यादा. तुमच्या ६० हर्ट्झला ती पुरेल, पण उद्या फोरके १२० हर्ट्झचा मॉनिटर आणला तर एचडीएमआयवरून रंग कापले जातील. डिस्प्लेपोर्टला हा प्रश्न नाही.

चालू झाल्यावर तीन गोष्टी तपासा. एलएसपीसीआयमध्ये कार्डाखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' पुढे एएमडीजीपीयू हवं. जीएलएक्सइन्फो डॅश कॅपिटल बी चालवल्यावर रेंडररच्या ओळीत रेडिऑन आणि त्याच्या पुढे चिपचं नाव हवं. एलएलव्हीएमपाइप दिसलं तर वरची तयारी पुन्हा बघा. तिसरी व्हिडिओची. व्हीएइन्फो चालवा, यादीत ज्या ओळींच्या शेवटी व्हीएलडी आहे तो कोडेक (व्हिडिओचा प्रकार) हार्डवेअरवर उघडता येतो, जिथे एन्कस्लाइस आहे तिथे एन्कोडही करता येतो. फेडोरावर या यादीत एच२६४ आणि एचईव्हीसी दिसत नाहीत, कारण पेटंटच्या भीतीने २०२२ पासून तिथल्या मेसातून ते काढलंय आणि आरपीएम फ्यूजनमधून 'फ्रीवर्ल्ड' नावाचं पॅकेज टाकावं लागतं. डेबियनवर ती अडचण नाही.

दोन ग्राफिक्स असताना एक घोळ होतो. डेव्ह फोल्डरातल्या डीआरआयमध्ये रेंडरडी१२८ आणि रेंडरडी१२९ अशी दोन दारं दिसतात. कुठलं इंटेलचं आणि कुठलं एएमडीचं हे ठरलेलं नसतं. तिथल्याच बाय-पाथ फोल्डरमधून पीसीआयच्या पत्त्यावरून कळतं. बरेच प्रोग्रॅम डोळे मिटून पहिलं दार उघडतात. केडेनलाइव्हमध्ये रेंडरच्या प्रोफाइलला व्हीएएपीआयचं (हार्डवेअरवर व्हिडिओ हाताळण्याच्या पद्धतीचं) उपकरण सांगता येतं, तिथे योग्य क्रमांक लिहा. इंटेलचा एन्कोडर मुद्दाम वापरायचा असेल, म्हणजे एएमडी पूर्वावलोकनाला मोकळं राहील, तर दुसरा क्रमांक. दोन्ही करून बघा आणि त्याच दोन मिनिटांच्या क्लिपवर वेळ मोजा.

डेस्कटॉप वेलँडवरच चालवा. २७ इंची फोरकेवर इंचाला १६३ ठिपके बसतात, २२ इंची फुल एचडीवर सुमारे १०० च. एक्स११ वर दोन पडद्यांना दोन वेगळी स्केलिंग नीट देता येत नाहीत, एकावर अक्षरं राक्षसी तरी होतात किंवा दुसऱ्यावर मुंगीएवढी. वेलँडवर फोरकेला १५० टक्के आणि दुसऱ्याला १०० टक्के द्या. एनव्हिडिया घेतलंत तर वेलँडवर पडदा लुकलुकण्याची जुनी तक्रार ५५५ शाखेत एक्स्प्लिसिट सिंक (चित्र पूर्ण झाल्यावरच दाखवण्याचा ताळमेळ) आल्यावर मिटली. डेबियन १३ ची ५५० त्याच्या आधीची आहे. तुमच्यासाठी एएमडीकडे झुकण्याचं हे आणखी एक ठोस कारण.

दोन मॉनिटरचे रिफ्रेश रेट वेगळे असतील तर एएमडीची मेमरी कधीकधी काम नसतानाही कमाल गतीवर अडकून बसते आणि पंखा उगाच फिरतो. एनव्हीटॉप हा प्रोग्रॅम चालवून मेमरीचा क्लॉक बघा. खाली येत नसेल तर दोन्ही पडदे बरोबर ६० वर आणा. ५९.९४ आणि ६० इतकाही फरक पुरतो.

एनव्हिडियावाल्यांसाठी दोन शब्द. कंपनीच्या साइटवरची डॉट-रन फाइल चालवू नका, ती पॅकेज व्यवस्थेला न सांगता फाइली बदलते आणि पुढच्या कर्नल अपडेटला डेस्कटॉप जातं. डेबियनचं 'एनव्हिडिया-ड्रायव्हर' आणि त्याआधी 'लिनक्स-हेडर्स-एएमडी६४' टाका. हेडर्स नसतील तर डीकेएमएसला (नव्या कर्नलसाठी मॉड्यूल पुन्हा बांधणाऱ्या साधनाला) मॉड्यूल बांधताच येत नाही. सिक्युअर बूट (सही नसलेला कोड अडवणारी बायोसची सोय) चालू असेल तर डीकेएमएसची किल्ली मोकयूटिल या आज्ञेने नोंदवा. पुढच्या बूटला निळा पडदा येतो आणि दहा सेकंदांत कळ दाबली नाही तर तो निघून जातो. लोक चहा आणायला जातात, पडदा हुकतो, आणि मग मॉड्यूल चढत नाही. हुकला तर नोंदणी पुन्हा करा, बाकी काही बिघडलेलं नसतं.

एएमडीवर खेळताना पडदा थिजला तर यंत्र जबरदस्तीने बंद करून, पुन्हा चालू झाल्यावर जर्नलसीटीएलला डॅश बी आणि उणे १ देऊन मागच्या बूटच्या नोंदी बघा. 'रिंग जीएफएक्स टाइमआउट' अशी ओळ असेल तर आधी बॅकपोर्ट्स या डेबियनच्या नव्या आवृत्त्यांच्या भागातून नवं फर्मवेअर आणि कर्नल घेऊन बघा, जुनं कर्नल ग्रबमध्ये राहू द्या. नोंदी कसलीही तक्रार न करता मध्येच तुटल्या असतील, तर ड्रायव्हर सोडा आणि एसएमपीएसचं लेबल पुन्हा वाचा.